धाकटा पी

हेस्टर पिलिंगचं पत्र दर गुरुवारी यायचं.
निळी शाई, आणि टाचणीने टोचलेलं आमच्याच अंकाचं कात्रण:
‘पान सहा, स्तंभ दोन. सामन माशाचा डबा पिलिंगने उघडावा.
महाशय, पी मोठा हवा.’

लँकेशरमधलं गिरणीचं गाव, गिरण्या बंद पडलेल्या.
वर्तमानपत्राच्या मागच्या खोलीत
हीटरकडे पाय करून मी मुद्रितं तपासायचो.
मिसेस ड्यूरडनने पहिल्याच दिवशी शिकवलं:
मोठा पी ओळीवर उभा राहतो,
धाकट्याचा पाय ओळीखाली लोंबतो,
कालव्याच्या कठड्यावर बसलेल्या पोरासारखा.
फरक एवढाच. कोर्टात सहा वर्षं चालला.

मला तो दिसायलाच महिना लागला.
माझ्या लिपीत राजा आणि रताळं
एकाच दोरीवर वाळत घातलेले असतात.

हेस्टरचा बाप अ‍ॅम्ब्रोज. त्याचा भाऊ
फ्लँडर्समध्ये डावा हात ठेवून आला,
म्हणून अ‍ॅम्ब्रोजने एका हाताने चालेल असा
डबे उघडायचा ओपनर केला, स्वयंपाकघराच्या टेबलावर,
बायकोच्या शिवणयंत्राचं एक चाक चोरून.

आधी लोक म्हणायचे, पिलिंगचा ओपनर.
मग ओपनर गळाला.
मग पुढे ‘एक’ येऊन बसला, मागे अनेकवचनाचा स,
दुकानदार म्हणू लागला, पिलिंग्स संपले, सोमवारी या.
मग कुठल्याशा पोराला वाटलं
की शेवटचं ‘इंग’ म्हणजे क्रियापदाचा प्रत्ययच असणार,
आणि ते आईला म्हणालं: मम, हा डबा पिल ना.
गावाने ते उचललं.
बीन्स पिलले, पीच पिलले, लढाईनंतरचं अर्धं गाव
पिलून खाऊन मोठं झालं.

कारखाना विकला तेव्हा नवा मालक
नाव राखायला वकील घेऊन गेला.
न्यायाधीशांनी साक्षीदार बाईंना विचारलं,
तुमच्या घरात पिलिंग आहे?
तीन आहेत, बाई म्हणाल्या. एकही पिलिंगचा नाही.
खटला तिथेच संपला, बाकीचा वेळ कागदांचा.

हेस्टर मात्र लिहीतच राहिली.
आम्हाला, पाककृतीवाल्यांना, शब्दकोशाच्या कचेरीला.
‘माझ्या वडिलांना अनेकवचन नाही.’
‘माझ्या वडिलांच्या आधी ‘एक’ लावू नये.’
एकदा नुसतंच: ‘ते क्रियापद नव्हते. ते फार हळू चालायचे.’

मी एकदा उत्तर लिहायला बसलो होतो.
की बाई, आमच्याकडे तापट माणसाला जमदग्नी म्हणतात,
घराघरात एक असतो,
आणि जमदग्नींचं पत्र अजून तरी कुणाला आलेलं नाही.
पाठवलं नाही. विनोद होता, आणि तिचा बाप होता.

एकदा दवाखान्यात नर्सने नाव विचारलं.
पिलिंग? त्या डबेवाल्या पिलिंगसारखं?
हेस्टर म्हणाली, नाही. ते माझ्यासारखं.
हे ड्यूरडनने सांगितलं, तिची बहीण तिथेच कामाला होती.

मार्चमध्ये निधनवार्तेचं मुद्रित आलं.
जुळवणाऱ्या पोराच्या बोटांना सवय:
हेस्टर मोठ्या एचने, आणि पुढे
धाकटा पी, ओळीखाली पाय सोडून.
मी पेन्सिल घेतली. मोठ्या अक्षराची खूण म्हणजे
खाली तीन रेघा. ओढल्या.
मग दाबून पुन्हा ओढल्या, कागद फाटेपर्यंत,
आणि दुसरं मुद्रित मागवावं लागलं.

चर्चच्या हॉलमध्ये चहा होता.
सँडविचं कमी पडली. कुणीतरी सामनचे दोन डबे आणले
आणि पाद्रीबाई भांड्यांच्या गलक्यातून ओरडल्या,
अरे, इथे एखादं पिलिंग आहे का?

सगळे थांबले असं लिहिता आलं असतं.
कुणी थांबलं नाही.
मफलर न काढलेला एक माणूस, हेस्टरचा भाचा,
त्याने ड्रॉवर ओढला, चमच्यांतून हात फिरवला,
सापडलं ते बाहीला पुसलं
आणि दिलं.